रानाच्या काठावरचा मुक्काम : नागपूरजवळच्या जंगलात रात्र काढण्याची आखणी

महाराष्ट्रात सहा व्याघ्रप्रकल्प आहेत. त्यांपैकी सह्याद्री वगळता बाकीचे पाचही विदर्भात येतात : मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा आणि बोर. मेळघाट जरा लांब पडतो; उरलेले चार नागपूरहून सकाळी निघून दुपारच्या जेवणाआधी गाठता येतात. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य तर दीड तासाच्या आत येते. इतके जंगल इतक्या जवळ लाभलेली मोठी शहरे देशात फार थोडी आहेत.

तरीही नागपूरकरांची जंगलाची सहल बहुधा एकाच ठरावीक पद्धतीने होते. पहाटे तीनला गाडी काढायची, सहाच्या सफारीला फाटकावर रांग लावायची, तीन-चार तास जिप्सीत बसून वाघ शोधायचा आणि जेवायला घरी परतायचे. सफारी पदरात पडते, पण जंगलाचा अर्धा दिवस बघायचाच राहून जातो. विदर्भाच्या पानगळीच्या रानात दिवस मावळल्यावर हालचाल वाढते. रानडुकरे, सायाळ, उदमांजर, अस्वल, बिबट्या हे सगळे अंधाराचे रहिवासी. म्हणून रानाच्या काठावर लाकडी कुटीत, तंबूत किंवा जुन्या विश्रामगृहात रात्र काढणे हाच सहलीचा गाभा धरावा आणि सफारी त्याभोवती बसवावी. आखणीचा क्रम असा उलटा केला की ठिकाण, हंगाम, सामान आणि खर्च या साऱ्यांचे निर्णय बदलतात.

असा मुक्काम या भागाला नवा नाही. १८६१ साली मध्य प्रांताची स्थापना होऊन नागपूर राजधानी झाले, तेव्हापासून थंडीचे दिवस म्हणजे अधिकाऱ्यांच्या दौऱ्याचे दिवस. बैलगाड्यांवर राहुट्या लादून ही मंडळी गावोगाव, रानोरान मुक्काम करीत. त्याच काळात कॅप्टन जेम्स फोर्सिथ याने १८६२ साली पचमढीला बायसन लॉज बांधले. पुढे पचमढी प्रांताची उन्हाळी राजधानी झाली. वनखाते स्थिरावले तशी तपासणीच्या वाटांवर विश्रामगृहे उभी राहिली. जाड भिंती, उंच जोते, चारी बाजूंनी व्हरांडा आणि कौलारू छप्पर हा त्यांचा घाट इथल्या हवेला इतका नेमका बसला, की आजही नवी कुटी बांधणाऱ्याने आधी तो नमुना पाहावा. मराठी वाचकांच्या मनात जंगलातल्या मुक्कामाचे चित्र उभे केले ते दोघांनी. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्याच्या रानात राहून त्यावर पुस्तक लिहिले. मारुती चितमपल्ली यांची वनखात्यातली नोकरीच नवेगाव, नागझिरा, मेळघाट या रानांत गेली, आणि त्यातून ‘नवेगावबांधचे दिवस’, ‘रानवाटा’, ‘जंगलाचं देणं’ अशी पुस्तके झाली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. नागझिऱ्याच्या तळ्याकाठची ‘नीलय’, ‘लताकुंज’, ‘मधुकुंज’ ही विजेविना असलेली निवासस्थाने विदर्भातल्या दोन पिढ्यांना या पुस्तकांइतकीच परिचयाची आहेत.

पण त्या काळचे नियम आज नाहीत, हे आखणी करताना आधी ध्यानात घ्यावे. व्याघ्रप्रकल्पाचे दोन भाग असतात. आतला गाभा, ज्याला सगळे कोअर म्हणतात, तो वन्यप्राण्यांसाठी राखलेला. त्याभोवतीचा बफर, ज्यात गावे, शेती आणि जंगल एकमेकांत मिसळलेले असतात. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोअरमधले पर्यटन काही काळ थांबवले. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आली. कोअरचा जास्तीत जास्त २० टक्के भागच पर्यटनासाठी वापरावा, तिथे नवी बांधकामे करू नयेत आणि आधीची पर्यटक निवासस्थाने टप्प्याटप्प्याने बंद करावीत, असा त्यांचा रोख होता. मुक्कामाचे केंद्र त्यामुळे जंगलाच्या आतून फाटकाजवळच्या गावांकडे सरकले. हा बदल चांगलाच झाला. रात्रीचे रान प्राण्यांना मोकळे मिळाले आणि राहणाऱ्याचा पैसा गावात पोचण्याची वाट झाली.

आवडेल तिथे गाडी थांबवून तंबू ठोकण्याची सोय इथे नाही. अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश करायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ ने बंदी आहे, आणि पर्यटनासाठीचा परवाना कलम २८ खाली मिळतो. अभयारण्याबाहेरचे राखीव जंगलही वनखात्याच्याच ताब्यात असते. एखाद्या ओळखीच्या गावकऱ्याच्या शब्दावर नाल्याकाठी तंबू लावणारी मंडळी अधूनमधून भेटतात. त्यांनी दंडाची भीती बाजूला ठेवली तरी वाघाच्या रोजच्या वाटेवर झोपण्याचा धोका पत्करू नये. वनखात्याची संकुले, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासे, वनविकास महामंडळाची ठिकाणे, गावसमित्यांचे तंबू आणि परवानगीने चालणारी खासगी रिसॉर्टे, एवढ्यातूनच निवड करायची.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी पेंच हे सर्वांत सोपे ठिकाण. नागपूरहून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने कामठी, कन्हान, मॅंगनीजच्या खाणींचे मनसर आणि पुढे पवनी. तिथून डावीकडे वळले की सिल्लारी. एकूण अंतर साधारण ७० किलोमीटर. महाराष्ट्रातले पेंच १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९९ मध्ये व्याघ्रप्रकल्प. उद्यानाचे क्षेत्र २५७.२६ चौरस किलोमीटर. सातपुड्यात उगम पावलेली पेंच नदी या जंगलातून वाहते. तोतलाडोहच्या धरणात तिचे पाणी अडते आणि खाली नवेगाव खैरीच्या जलाशयातून ते नागपूरला येते. शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा याच नदीचा आहे. सिल्लारीला रात्र काढायला आलेले नागपूरचे कुटुंब आपल्या घरच्या नळाच्या उगमाकडे आलेले असते. मुलांना घेऊन जाताना हे त्यांना जरूर सांगावे.

सिल्लारीच्या फाटकाजवळ वनखात्याचे ‘अमलतास’ हे पर्यटक संकुल आहे. आसपास खासगी निवासांची रांगही आहे. याच महामार्गावर चोरबाहुली आणि देवलापारच्याही पलीकडे खुर्सापार ही फाटके आहेत. या पट्ट्यात महामार्ग जंगलातून जातो आणि प्राण्यांना रस्ता ओलांडता यावा म्हणून त्याच्याखाली भुयारी वाटा व छोटे पूल मिळून नऊ मार्ग सोडले आहेत. त्यांतला सर्वांत मोठा सुमारे ७५० मीटर लांब आहे. वाघ, चितळ, रानकुत्रे या वाटांनी जाताना कॅमेऱ्यात टिपले गेले आहेत. नदीच्या दुसऱ्या अंगाला, पारशिवनीच्या बाजूने कोलितमारा येते. सिल्लारीपेक्षा तिथे गर्दी कमी, आणि पाण्यावरून बोटीने जंगल पाहण्याची सोय. दोन रात्री हाताशी असतील तर एक सिल्लारीला आणि एक कोलितमाऱ्याला, ही फार चांगली जोडणी होते.

पेंचला रात्री राहण्याचे आणखी एक मोठे कारण २०२४ च्या जानेवारीत जोडले गेले. पेंच व्याघ्रप्रकल्पाला भारतातले पहिले आणि आशियातले पाचवे ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या बफरमधल्या गावांतले शंभरावर दिवे बदलले गेले. आकाशाकडे उजेड फेकणाऱ्या दिव्यांच्या जागी जमिनीकडे तोंड असलेले, मंद दिवे आले. तारे पाहण्यासाठी वेधशाळाही उभारली आहे. शहरातल्या मुलाने आकाशगंगा पुस्तकात पाहिलेली असते. इथे ती डोळ्यांनी दिसते, फक्त तिथी नीट निवडली पाहिजे. मुक्काम अमावास्येच्या दोन-तीन दिवस अलीकडे-पलीकडे ठेवावा. डिसेंबर-जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास मृग, रोहिणी आणि कृत्तिका डोक्यावर असतात. एप्रिल-मेमध्ये मध्यरात्रीनंतर वृश्चिक आणि त्याच्या शेपटीला लागून आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग वर येतो. अंधाराला डोळे सरावायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा उजळला की ती सगळी मेहनत वाया जाते. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन कागद बांधला की काम भागते. चांदण्या रात्री जायचे असेल तर मात्र ताऱ्यांची आशा सोडून द्यावी. त्या रात्री रानाची काळी-रुपेरी आकृती पाहायची असते.

दुसरा पर्याय बोर. वर्धा रोडने बुटीबोरी, केळझर, सेलू आणि तिथून हिंगणीमार्गे बोरधरण. अंतर साठ-पासष्ट किलोमीटर. १९७० पासून अभयारण्य असलेले बोर २०१४ साली व्याघ्रप्रकल्प झाले. तेव्हा त्याचे क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर होते, म्हणजे देशातल्या सर्वांत लहान व्याघ्रप्रकल्पांत त्याची गणना. लहान असल्यामुळेच ते वयस्कर माणसे आणि लहान मुले बरोबर असणाऱ्यांना सोयीचे. धरणाच्या पाण्याकाठी पर्यटन महामंडळाचे निवास आहे. हिवाळ्यात जलाशयावर बदके उतरतात आणि ती व्हरांड्यातून दुर्बिणीने पाहता येतात. वाघ दिसण्याच्या हट्टाने बोरला जाऊ नये. दोन दिवस शांत पडून राहायला मात्र नागपूरजवळ याहून बरी जागा नाही.

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ मध्ये जाहीर झाले आणि ‘जय’ या वाघाने ते देशभर पोचवले. नागझिऱ्याहून चालत आलेला हा थोराड नर २०१६ च्या एप्रिलनंतर दिसला नाही. त्याची कथा सांगते, की ही जंगले सुटी बेटे नाहीत. नागझिरा, उमरेड, ब्रह्मपुरी, ताडोबा अशी वाघांची ये-जा शेतशिवारांतून चालू असते. कऱ्हांडला आणि गोठणगाव ही इकडची मुख्य फाटके. राहण्याची सोय बहुतेक खासगी किंवा गावातली. जवळच्या भिवापूरची मिरची प्रसिद्ध आहे आणि हंगामात ती वाटेत घेता येते.

तीन दिवस मोकळे असतील त्यांनी नवेगावबांधचा विचार करावा. नागपूरहून सुमारे १३५ किलोमीटर, गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावजवळ. इथला तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधला असे मानले जाते. भंडारा-गोंदियात तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या कौशल्याचा तो सर्वांत भव्य नमुना आहे. भोवतीच्या सात टेकड्यांना लोक सातबहिणी म्हणतात. ताडोबाचे कोलारा फाटक उमरेड-चिमूरमार्गे शंभर-सव्वाशे किलोमीटरवर येते आणि वाघ दिसण्याची शक्यता तिथे सर्वांत जास्त. पण त्यामुळेच गर्दी आणि दर दोन्ही चढे. ताडोबा १९५५ पासूनचे, राज्यातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान आहे. त्याला स्वतंत्र सहल द्यावी. पहिल्या रानमुक्कामाला ते निवडू नये.

ठिकाणानंतर हंगाम. कोअरची फाटके १ ऑक्टोबरला उघडतात आणि ३० जूनला बंद होतात. पावसाळ्यात बफरमधली काही फाटके चालू असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कुटुंबांचा काळ. अंबिया बहाराची संत्री बाजारात असतात, जानेवारीच्या सुमारास ज्वारीचा हुरडा निघतो, दिवसा ऊन कोवळे असते. रात्री मात्र गारठा सोसवत नाही. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर उतरला होता आणि जंगलातल्या सखल भागात शहरापेक्षा कडाका जास्तच असतो. पहाटे उघड्या जिप्सीत कानटोपी, हातमोजे आणि गुडघ्यांवर घोंगडी नसेल तर पहिला तास नुसता कुडकुडण्यात जातो. फेब्रुवारीच्या अखेरीस पळस फुलतो, मार्चमध्ये मोह गळायला लागतो, आणि या काळात रानाचा रंग दर आठवड्याला पालटतो. राहायला या दिवसांहून सुंदर दिवस नाहीत.

एप्रिल-मे हा प्राणी पाहण्याचा काळ. नाले आटतात, गवत वाळते आणि सगळे रान पाणवठ्यांवर गोळा होते. पण मे २०१३ मध्ये नागपूरने ४७.९ अंश पाहिले आहेत. पत्र्याच्या छताची कुटी या दिवसांत दुपारी भट्टी होते. कौलारू किंवा गवताने शाकारलेले छप्पर, भोवती झाडे, कूलर आणि त्याला जनरेटर किंवा इन्व्हर्टरचा आधार आहे का, हे नोंदणीपूर्वी फोन करून विचारलेच पाहिजे. सकाळी अकरा ते दुपारी चार बाहेर पडू नये. ताक, कैरीचे पन्हे आणि मीठ-साखरेचे पाणी बरोबर असावे. ऊन लागले की सहल तिथेच संपते.

नोंदणीत पहिले पाऊल कोणते, यावर मतभेद आहेत. सफारीची जागा आधी धरावी असे बहुतेक सांगतात, कारण तीच दुर्मीळ. मुक्काम हा गाभा मानला तर आधी खोली, मग सफारी. खोली चांगली असेल आणि कोअरची सफारी मिळाली नाही, तरी बफरची सफारी, निसर्गवाट, बोट आणि संध्याकाळ हातात राहते. सफारीची नोंदणी वनखात्याच्या संकेतस्थळावरून होते. एका जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय चालक आणि गाईड; गाईड घेणे बंधनकारक. नोंदणीत दिलेलेच ओळखपत्र मूळ स्वरूपात फाटकावर दाखवावे लागते. एकाचे नाव काढून दुसऱ्याला नेता येईल, अशा भरवशावर राहू नये. ताडोबाचा कोअर मंगळवारी बंद असतो. इतर ठिकाणचे सुटीचे वार वेगळे आहेत, ते पाहूनच तारीख पक्की करावी. दिवाळीची सुटी, नाताळ आणि जोडून आलेले शनिवार-रविवार टाळता आले तर सोमवार-मंगळवारनंतरचे दिवस घ्यावेत. तेच संकुल, तेच जंगल, पण आवाज निम्मा आणि बऱ्याचदा दरही कमी.

निघायची वेळ अशी ठेवावी की दिवे लागण्याआधी मुक्कामावर पोचता येईल. बफरमधल्या रस्त्यांवर अंधार पडल्यावर नीलगाय आणि रानडुक्कर अचानक आडवे येतात. इंधन मनसर, उमरेड किंवा सेलूला भरून घ्यावे. फाटकाजवळ मोबाइलची रेंज जाते-येते, म्हणून तिकिटे कागदावर छापलेली आणि खिशात रोख रक्कम असलेली बरी.

कुटीत शिरल्यावर सामान ठेवण्याआधी दहा मिनिटे द्यावीत. दार बंद करून खालची फट पाहावी. बोट शिरेल एवढी असेल तर रात्री तिथे जुना टॉवेल गुंडाळून लावावा. खिडक्यांच्या जाळ्या फाटलेल्या नाहीत ना, न्हाणीघराच्या मोरीला जाळी आहे ना, पलंग भिंतीपासून वीतभर दूर आहे ना, हे तपासावे. ही काळजी मुख्यतः मण्यारीसाठी. विदर्भातल्या विषारी सापांत नाग आणि घोणस यांच्याबरोबर मण्यार येते, आणि ती रात्री फिरते. तिचा दंश पुष्कळदा झोपेत होतो. दात इतके बारीक, की खूण दिसतेच असे नाही आणि फारसे दुखतही नाही. काही वेळाने पोट दुखते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे अडखळते. जमिनीवर झोपणाऱ्यांना हा धोका सर्वांत मोठा. पलंगावर, गादीखाली कडा खोचलेल्या मच्छरदाणीत झोपणे हा त्यावरचा साधा आणि खात्रीचा उपाय. रात्री उठताना आधी टॉर्च, मग पाय. सकाळी बूट उलटे करून झटकायचे. दंश झालाच, तर चिरा देऊ नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. तो अवयव हलू न देता माणसाला सरळ रुग्णालयात न्यावे. सर्पविषावरची लस सरकारी रुग्णालयांत मिळते. सिल्लारीहून जवळचे मोठे सरकारी रुग्णालय रामटेकचे उपजिल्हा रुग्णालय, आणि पुढचे उपचार नागपूरच्या मेडिकलला. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८. संकुलाच्या व्यवस्थापकाला पहिल्याच संध्याकाळी विचारून ठेवावे, की रात्री गाडी कोण चालवेल.

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत आणखी एका आजाराची आठवण ठेवावी. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात स्क्रब टायफसची मोठी साथ आली होती. गवतातल्या अतिशय बारीक किड्यांच्या चाव्यातून तो होतो. लांब बाह्या, मोज्यांत खोचलेली पँट आणि ओल्या गवतावर थेट न बसणे, एवढ्याने बराच बचाव होतो. सहलीनंतर पंधरवड्यात ताप आला तर जंगलात गेल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगावे. वेळेत ओळखला तर हा आजार साध्या औषधाने बरा होतो.

जेवणाची आखणी करताना विदर्भाच्या माणसाला रोडगे आठवल्याशिवाय राहत नाहीत. जाड रव्याळ कणीक, ओवा, मीठ, तेलाचे मोहन. घट्ट मळून पदर घालत वळलेले गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकून फोडायचे, त्यावर तूप, आणि सोबत वांग्याची भाजी व वरण. पानगे असतील तर ते पळसाच्या पानांत गुंडाळून निखाऱ्यांवर टाकायचे, म्हणजे पानाचा वास कणकेत उतरतो. उघड्यावरच्या जेवणाची ही आपली जुनी रीत आहे आणि रानमुक्कामाला ती शोभते. मात्र विस्तव कुठे पेटवायचा, याला मर्यादा आहे. अभयारण्यात आग लावण्यास किंवा ती पेटती सोडण्यास कायद्याच्या कलम ३० ने मनाई आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो आणि त्या दिवसांत एका ठिणगीने शेकडो हेक्टर रान जळते. म्हणून रोडगे करायचे ते गावातल्या अंगणात, ओळखीच्या शेतात किंवा संकुलाने नेमून दिलेल्या चुलीवर, हिवाळ्यात, आणि शेवटी पाण्याने विस्तव विझवून. यातही उत्तम म्हणजे गावातल्या बायकांच्या बचतगटाला आदल्या दिवशी सांगून ठेवणे. त्यांच्या हातचे रोडगे चांगले होतातच, शिवाय शिजवण्याचे सामान न्यावे लागत नाही. उरलेले खाणे कुटीबाहेर ठेवू नये. माकडे आणि उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात, आणि मोहाच्या दिवसांत अस्वलही वासावर येते.

रात्रीचे जेवण आठच्या आत उरकले की पुढचे दोन तास व्हरांड्याचे. दिवे मालवून नुसते बसायचे. सुरुवातीला काहीच ऐकू येत नाही, मग एकेक आवाज सुटा होतो. रातव्याची एकसुरी ठकठक, पिंगळ्यांची कचकच, पाण्याकडून टिटवी. चितळाची तीक्ष्ण शिट्टी एकदाच आली तर तिला फारसा अर्थ नसतो. ती पुन्हा पुन्हा येऊ लागली आणि तिच्यात वानराचा घोगरा खाकरा मिसळला, की गाईड म्हणतात कॉल चालू झाला. कुणी मोठा शिकारी निघाला आहे. सांबराची जाड, भरदार हाक त्यात पडली तर बहुधा तो वाघ असतो, कारण सांबर सहसा खोटा इशारा देत नाही. आवाज कोणत्या दिशेकडून कोणत्या दिशेला सरकतो, हे कान देऊन ऐकले तर न दिसलेल्या वाघाची वाट व्हरांड्यात बसून आखता येते. सकाळच्या सफारीत गाईडला ती दिशा सांगावी. चांगला गाईड लगेच पुढचा पाणवठा सुचवतो. ध्वनिक्षेपक लावून गाणी वाजवणाऱ्या निवासांत हे काहीच मिळत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला कायद्यानेच बंदी आहे, पण जंगलाकाठी ती संध्याकाळपासूनच असावी. खोली ठरवताना ‘तुमच्याकडे डीजे, लग्न, पार्ट्या होतात का’ हा प्रश्न विचारावा, आणि हो म्हटले तर दुसरी जागा पाहावी.

ज्यांना याहून खोल अनुभव हवा, त्यांच्यासाठी वैशाखातली बुद्धपौर्णिमा आहे. त्या रात्री वनखाते पाणवठ्यांवरच्या मचाणांवर नागरिकांना बसवते. ‘निसर्गानुभव’ या नावाने हा उपक्रम पेंच, बोर, उमरेड, नवेगाव-नागझिरा, ताडोबा अशा ठिकाणी होतो. पौर्णिमाच का, तर पाणवठ्यावर कोण आले ते दिव्याशिवाय दिसावे म्हणून. दुपारी मचाणावर चढायचे ते दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचे. पाण्यावर आलेल्या प्रत्येक प्राण्याची वेळ, संख्या, नर-मादी-पिल्लू अशी नोंद करायची. बोलणे नाही, धूम्रपान नाही, अत्तर नाही, भडक कपडे नाहीत. वाघांची खरी मोजदाद आज कॅमेरा-ट्रॅपवर होते, त्यामुळे या नोंदींचे शास्त्रीय वजन मर्यादित आहे. पण उन्हात तापलेल्या मचाणावर संध्याकाळ उतरताना आधी मोर, मग चितळांचा कळप, मग एकटा गवा आणि मध्यरात्रीनंतर सायाळीची जोडी असे येत जाते, तेव्हा पाण्याच्या एका डबक्यावर किती जीव अवलंबून आहेत ते समोर दिसते. जागा थोड्या असतात आणि नोंदणी काही आठवडे आधी जाहीर होते. हे मचाण लहान मुलांसाठी नाही, आणि उंचीची भीती किंवा मधुमेहासारखा त्रास असणाऱ्यांनीही विचार करूनच नाव द्यावे.

शेवटी खर्चाचा प्रश्न, आणि तो कुणाच्या हाती जातो याचा. बफरमधल्या गावांना जंगलाची झळ रोज बसते. रानडुकरे धान आणि हरभरा उकरतात, बिबट्या गोठ्यातली वासरे उचलतो, मोह आणि तेंदूपाने वेचायला पहाटे गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात दगावतात. या गावांत ग्राम परिस्थितीकीय विकास समित्या आहेत. २०१५ पासूनच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्यांना गॅसजोडण्या, कुंपणे, रोजगाराचे प्रशिक्षण असे साहाय्य दिले जाते. गाईड, जिप्सीचालक, संकुलातला स्वयंपाकी ही याच घरांतली माणसे. ज्या मुक्कामात गावातली माणसे कामाला आहेत आणि भाजी-दूध गावातून येते, तिथे दिलेला पैसा जंगल टिकण्याच्या कामी येतो. दोन निवासांत निवड करताना पोहण्याच्या तलावापेक्षा हे आधी पाहावे. गाईडला त्याच्या गावाबद्दल विचारावे. वाघ दिसला नाही म्हणून त्याची बक्षिसी कापू नये.

प्लास्टिकच्या बाटल्या नेऊच नयेत. पाण्याचा पाच लिटरचा कॅन आणि घरचे तांबे-पेले पुरतात. जो कचरा होईल तो पिशवीत बांधून नागपूरला परत आणावा, कारण फाटकाजवळच्या गावांत त्याची विल्हेवाट लावण्याची यंत्रणा नाही आणि उघड्यावर टाकलेली पिशवी सांबराच्या पोटात जाते. वाटेत जखमी प्राणी, वणवा किंवा तारेचा फास दिसला तर स्वतः जवळ जाऊ नये. वनखात्याची ‘हॅलो फॉरेस्ट’ ही निःशुल्क मदतवाहिनी १९२६ या क्रमांकावर आहे. तो निघण्याआधीच फोनमध्ये घालून ठेवावा.